भाऊजी निवडणुकीला उभे राहणार आहेत

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आल्या आणि तेव्हापासून व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, राहतात. येताना कडेवर असलेली मुलगी आता अकरावीत आहे, ऑक्टोबर 2027 मध्ये तिला अठरा पूर्ण होतील. धाकट्याचा जन्म इथलाच. तो यंदा सातवीत आहे आणि त्याला टीजेला, म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी या निवडक मुलांनाच प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेला जायचंय. ताईंनी गेल्या वर्षी नागरिकत्व घेतलं. यजमान अजून ग्रीन कार्डवर आहेत. गावच्या शेतीचं काय ते मार्गी लागेपर्यंत अर्ज करायचा नाही असं त्यांनी ठरवलंय.

नोव्हेंबर 2027 मध्ये काउंटीच्या स्कूल बोर्डाची, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या समितीची निवडणूक आहे. यजमानांचे जुने मित्र, ज्यांना ताई भाऊजी म्हणतात, ते ॲट-लार्ज जागेसाठी, म्हणजे पूर्ण काउंटीतून निवडून येणाऱ्या जागेसाठी उभे राहणार आहेत. त्यांचा मुद्दा एकच, टीजेची प्रवेश परीक्षा परत आणायची. ताईंनी घरी बैठक बोलवावी, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर आवाहन टाकावं, थोडे पैसे जमवून द्यावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. हे कुटुंब अमेरिकेत आलं तेव्हा याच भाऊजींनी त्यांना दीड महिना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं, पहिल्या गाडीच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. पण भाऊजींना शाळांच्या कारभाराची काहीच माहिती नाही असं ताईंना वाटतं. त्यांच्या मनात पीटीएच्या कामातून ओळख झालेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्याही ॲट-लार्जसाठीच तयारी करतायत. नवरा म्हणतो, "मत गुप्त असतं, कुणाला द्यायचं ते दे, पण बैठक घे." सासूबाई फोनवर म्हणतात, "परक्या देशात राजकारणात पडू नका." ताई विचारतात, मी कृतघ्न ठरते का? आणि हट्टापायी मुलाचं नुकसान तर करत नाही ना?

उत्तर

ताई,

मुलापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली खरी धास्ती तीच आहे. जरा तारखा समोर ठेवून बसा. मुलगा यंदा सातवीत. टीजेचा अर्ज आठवीत असताना, शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत भरायचा असतो. म्हणजे त्याचा अर्ज 2027 च्या हिवाळ्याआधीच जाईल. निवडणूक 2 नोव्हेंबर 2027 ला आणि निवडून आलेले सदस्य कामाला लागणार 1 जानेवारी 2028 पासून. भाऊजी जिंकले काय नि हरले काय, नव्या बोर्डाची पहिली बैठक होईल तेव्हा तुमच्या मुलाचा अर्ज जाऊन पडलेला असेल. तुमच्या मताने त्याचं काही बिघडणार नाही आणि काही साधणारही नाही. यजमानांना हा हिशोब आजच कागदावर मांडून दाखवा. घरातला निम्मा ताण तिथेच उतरेल.

टीजेचा विषय आपल्या लोकांच्या इतका जिव्हारी का लागतो, हे मी जाणते. 2020 मध्ये बोर्डाने प्रवेश परीक्षा रद्द केली. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का मुलांना जागा राखायच्या आणि ग्रेड, लेखन, घरची परिस्थिती हे सगळं पाहून मुलं निवडायची, असं ठरलं. पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण 73 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी, आधी एक टक्काही नसलेली गरीब घरांतली मुलं जवळपास पाव हिस्सा झाली. काही पालक कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले, मे 2023 मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. वर्षानुवर्षं शनिवार-रविवार मुलांना क्लासला नेणाऱ्या आईबापांना मधेच नियम बदलल्याचं वाईट वाटलं, ते दुःख खरं आहे. ज्या शाळेतून टीजेला कुणीच जात नसे तिथल्या एखाद्या मुलीला पहिल्यांदा दार उघडलं, तिचा आनंदही तितकाच खरा आहे. परीक्षा परत यावी असं भाऊजींना वाटत असेल तर ते जरूर मांडावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मला खटकतं ते वेगळंच. टीजेत दरवर्षी नववीला साधारण 550 मुलं घेतात, तीही एकट्या फेअरफॅक्सची नव्हेत. लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन, फॉल्स चर्च इथलीही त्यात असतात. फेअरफॅक्सच्या शाळांमध्ये मुलं आहेत सुमारे 1,80,000. त्यात तुमची मुलगीही आहे. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही तिच्या शाळेबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. ती टीजेत नाही, घराजवळच्या हायस्कूलमध्ये जाते, म्हणून तिचा आणि या निवडणुकीचा संबंध कुणाच्या लक्षातच आलेला दिसत नाही, तुमच्याही नाही. तिच्या वर्गात किती मुलं आहेत, गणिताच्या शिक्षिका वर्षाच्या मधे सोडून गेल्या तर काय होतं, कॉलेजच्या अर्जासाठी काउन्सेलरची वेळ मिळते का, बस वेळेवर येते का, हे सगळं त्याच बोर्डाच्या टेबलावर येतं.

हे बोर्ड नेमकं काय करतं ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. आपण वाढलो तिथे शाळेचं सगळं शिक्षणाधिकारी नाहीतर संस्थाचालक ठरवायचे. पालकांनी फी भरायची आणि प्रगतिपुस्तकावर सही करायची. व्हर्जिनियातही 1992 पर्यंत बोर्डाचे सदस्य नेमले जायचे. मग कायदा बदलला आणि फेअरफॅक्समध्ये 1995 साली पहिली निवडणूक झाली. आज बारा सदस्य असतात. नऊ आपापल्या डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे काउंटीच्या एकेका विभागातून येतात, तीन ॲट-लार्ज, मुदत चार वर्षं. सुपरिंटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी नेमणं, धोरणं ठरवणं आणि सुमारे 4 अब्ज डॉलरचं बजेट मंजूर करणं ही त्यांची मुख्य कामं. पण कर लावायचा अधिकार त्यांना नाही. पैशाचा सर्वांत मोठा वाटा काउंटीचा कारभार पाहणारं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स देतं, त्यामुळे दर वसंतात यांना तिथे जाऊन हात पसरावा लागतो आणि मागितलं तेवढं मिळतंच असं नाही. कमी पडलं की काय कापायचं, हे याच बारा जणांना ठरवावं लागतं. तिथे सदस्याचा कस लागतो.

कुठल्या मुलाने कुठल्या शाळेत जायचं त्या सीमाही हेच आखतात. 2024 मध्ये धोरण बदलून पूर्ण काउंटीच्या सीमांचा आढावा सुरू झाला तेव्हा किती घरांत रात्री नकाशे उघडून बसले असतील ते तुम्ही पाहिलंच असेल. 2025 मध्ये हर्नडनजवळची किंग अब्दुल्ला अकॅडमीची इमारत 15 कोटी डॉलरला विकत घेऊन तिथे नवं हायस्कूल काढायचं ठरलं, तेही यांच्याच मताने. दिवाळीला शाळा बंद ठेवायचा निर्णयही बोर्डानेच मतदान करून घेतला. म्हणजे आपलं मंडळ ज्या दिवशी फराळ वाटतं, त्या दिवसाची सुट्टीसुद्धा याच निवडणुकीतून आलेली आहे.

आता भाऊजींकडे वळू. "आपला माणूस" हा शब्द तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. मला विचाराल तर स्कूल बोर्डावर आपला माणूस तो, जो आपल्या मुलाच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही आपलं मानतो. तुम्ही लंच ड्युटीला जाता तेव्हा होंडुरासहून किंवा अफगाणिस्तानातून आलेली, इंग्रजी अजून न येणारी मुलं बघता, असं तुम्हीच लिहिलंय. ॲट-लार्ज सदस्य त्या मुलांचाही प्रतिनिधी असतो. भाऊजी मनाने तसे असतीलही. दोन माणसं आणि एक तान्हं मूल दीड महिना घरात ठेवून घेणारा माणूस कोत्या मनाचा नसतो. पण मन मोठं असणं पुरेसं नाही, तयारी लागते, आणि ती आहे का हे विचारल्याशिवाय कळायचं नाही.

तेव्हा विचारा. एकदा दोघं जेवायला बोलवा, फक्त त्यांना, बैठक वगैरे काही नाही. आणि ज्यांना उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न विचारा. काउंटीने मागितल्यापेक्षा कमी पैसे दिले तर आधी कशाला कात्री लावाल, वर्गातली मुलं वाढवाल की शिक्षकांची पगारवाढ थांबवाल? बारांपैकी सात मतं लागतात, परीक्षेसाठी उरलेली सहा कुठून आणणार? विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या पालकांशी कधी बोललात का? बोर्डाच्या किती बैठका पाहिल्यात? नियमित बैठका गुरुवारी संध्याकाळी ल्यूथर जॅक्सन मिडल स्कूलच्या सभागृहात होतात, घरबसल्या इंटरनेटवरही दिसतात, आणि विषयपत्रिका बोर्डडॉक्स नावाच्या संकेतस्थळावर आधीच लागते. पहिलं उत्तर "बघू पुढे" असं आलं तर रागावू नका. त्यांना घेऊन एका गुरुवारी तिथे जाऊन बसा. लोक नाव नोंदवून माईकसमोर येतात, हातातल्या कागदावर बोट ठेवून वाचतात, घड्याळ उलटं मोजत असतं. एखादी आई मुलाच्या मदतनीसाबद्दल बोलताना वेळ संपते आणि वाक्य अर्धंच राहतं. ते ऐकून भाऊजी एकतर जोमाने अभ्यासाला लागतील, नाहीतर हे आपलं काम नव्हे असं स्वतःच म्हणतील. दोन्हींत त्यांचं भलंच आहे.

दुसरं म्हणजे, निवड "भाऊजी की बाई" अशी असलीच पाहिजे असं नाही. ॲट-लार्जच्या तीन जागा असतात आणि प्रत्येक मतदाराला त्यासाठी तीनपर्यंत मतं देता येतात. शिवाय तुमच्या डिस्ट्रिक्टच्या जागेसाठी एक वेगळं मत. म्हणजे एकूण चार. तिन्ही मतं वापरायलाच हवीत असंही बंधन नाही, दोनच खुणा करून कागद दिला तरी चालतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर्वांत जास्त मतं मिळवणारे तिघं निवडून येतात, त्यामुळे केवळ भीडेखातर दिलेलं तिसरं मत कधी कधी तुमच्या पहिल्या पसंतीच्या उमेदवाराच्याच मुळावर येऊ शकतं. भाऊजींची तयारी पटली तर त्यांना आणि बाईंना, दोघांनाही मत द्या. नाही पटली तर देऊ नका.

मतपत्रिकेवर स्कूल बोर्डाच्या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव नसतं. तरी पक्ष असतातच. 2023 मध्ये बाराही जागा डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा असलेल्यांनी जिंकल्या. मतदान केंद्राच्या दारापासून 40 फुटांपलीकडे दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते उभे असतात आणि सॅम्पल बॅलट, म्हणजे आपल्या उमेदवारांवर खुणा केलेली नमुना मतपत्रिका, हातात देतात. पुष्कळ लोक तोच कागद आत नेऊन त्याबरहुकूम खुणा करतात. तुम्ही घरूनच स्वतःची यादी करून न्या. भाऊजींनाही हे सांगायला हवं, कारण पक्षाच्या पाठिंब्याशिवाय पूर्ण काउंटीत लढणं किती जड जातं याचा त्यांना अंदाज असेल असं पत्रावरून वाटत नाही.

उपकाराबद्दल माझं मत ठाम आहे. भाऊजींचं ऋण खरं आहे आणि ते जन्मभर मानावं. पण फेडायचं ते तुमच्या खिशातून, तुमच्या वेळातून, त्यांच्या अडीअडचणीला धावून जाऊन. एक लाख ऐंशी हजार मुलांच्या शाळांवरचं मत त्या खात्यात जमा करता येत नाही, कारण ती मुलं तुमच्या देण्याघेण्यात कुठेच नव्हती. भाऊजींना हे सांगताना आडवळणं नकोत. "भाऊजी, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आम्ही विसरणार नाही. म्हणूनच तुमच्या पाठीमागे काही बोलण्यापेक्षा तोंडावर सांगते. अजून मी मनाने तयार नाही, आणि तयार नसताना माझ्या घरी लोक बोलावून तुमच्यासाठी मत मागितलं तर ते तुमच्याशीच खोटं वागणं होईल." इतकं पुरे. यजमान म्हणतात तसं बैठक घ्यायची आणि मत दुसरीकडे टाकायचं, हे मला पटत नाही. मत गुप्त असतं हे खरं, पण तुमच्या दिवाणखान्यात आलेली वीस माणसं तुमच्या शब्दावर विसंबून मत देतील, त्याचं काय?

समजा पुढे पटलं आणि बैठक घ्यायची ठरलीच, तर काही गोष्टी आधी पक्क्या करा, कारण यात चुकणारा माणूस अडचणीत येतो. जे एच-1बी, एच-4 किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी निवडणुकीसाठी एक डॉलरही द्यायचा नाही. केंद्राचा कायदा स्थानिक निवडणुकांनाही लागू आहे. दुसऱ्याच्या नावाने पैसे देणंही चालत नाही, तेव्हा "तू मला फोनवरून पैसे पाठव, मी माझ्या नावाने भरतो" हा प्रकार घरात होऊ देऊ नका. यजमानांसारखे ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, मत मात्र देऊ शकत नाहीत. मतदार नोंदणीचा फॉर्म कुणी हौसेने पुढे केला तरी नागरिक नसलेल्याने तो भरू नये; चुकून भरला तरी पुढे ग्रीन कार्डावर, नागरिकत्वावर संकट येऊ शकतं. आणि मंडळ 501-सी-3, म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल, बहुतेक मंडळं असतात, तर मंडळाच्या ईमेलवरून, अधिकृत ग्रुपवरून कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. वैयक्तिक फोनवरून तुम्ही काय लिहायचं ते लिहा. व्हर्जिनियात देणगीच्या रकमेला मर्यादा नाही, पण शंभर डॉलरच्या वर कुणी किती दिलं ते जाहीर होतं आणि व्हर्जिनिया पब्लिक ॲक्सेस प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. बाईंच्या मागे कोण आहे, तेही तिथेच पाहून घ्या. त्यांची पारख भाऊजींइतकीच कडक करा.

सासूबाईंना समजावण्यात फार शक्ती घालवू नका. त्यांची काळजी मायेची आहे. पण तुम्ही शपथ घेतलीत त्या दिवसापासून हा देश परका राहिला नाही, निदान कागदावर तरी नाही, आणि स्कूल बोर्ड हा त्याचा तुमच्या घराला सर्वांत जवळून लागणारा भाग आहे. "मी कालची नागरिक, मला काय कळतं" असंही तुम्ही लिहिलंय. सोळा वर्षं डबे भरलेत, पालकसभा केल्यात, लंच ड्युटी केलीत. शाळेबद्दल तुम्हाला पुष्कळ कळतं.

आणि एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही नागरिक झालात तेव्हा मुलगी अठराच्या आत होती. ती ग्रीन कार्डवर तुमच्याजवळच राहत असेल, तर 2000 च्या बाल नागरिकत्व कायद्याने तीही त्याच दिवशी आपोआप नागरिक झाली. वकिलाला एकदा कागद दाखवून खात्री करा आणि तिचा पासपोर्ट काढून घ्या. ऑक्टोबरमध्ये तिला अठरा पूर्ण होतील, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीत तुमच्या घरात दोन मतदार असतील, तुम्ही आणि ती. त्या बारा जणांच्या निर्णयांखाली तिने बारा वर्षं काढली आहेत. उमेदवारांना काय विचारावं हे तिला विचारा, आणि भाऊजी जेवायला येतील तेव्हा तिलाही टेबलावर बसवा.

इतर ठिकाणच्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण नियम गावागणिक बदलतात. न्यूयॉर्क शहरात अशी निवडणूकच नाही, तिथे शाळा महापौरांच्या ताब्यात आहेत. शिकागोत 2024 मध्ये पहिल्यांदा काही जागांसाठी मतदान झालं. न्यू जर्सीत बहुतेक गावांत सदस्यांची मुदत तीन वर्षांची, त्यामुळे जवळजवळ दर नोव्हेंबरला काही जागा निघतात. टेक्ससमध्ये बऱ्याच ठिकाणी हे मतदान मे महिन्यात असतं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना होऊन जातं. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांनाही 2018 पासून स्कूल बोर्डासाठी मत देता येतं, पण व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारल्याशिवाय नोंदणी करू नका. मत नसलेल्यांनीही हात बांधून बसायचं कारण नाही. बोर्डाच्या बैठकीत बोलायला, सदस्याला पत्र लिहायला, पीटीएत काम करायला नागरिकत्व लागत नाही.

ताई, शेवटचा प्रश्न तुम्ही ताजा कलम म्हणून घातलाय, भाऊजी सह्यांचा कागद घेऊन आले तर काय करायचं. मतपत्रिकेवर नाव यायला त्यांना 125 मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्या जूनमध्ये द्यायच्या असतात. ती सही म्हणजे मत नव्हे, त्यांना उभं राहू द्यावं एवढाच तिचा अर्थ. ती तुम्ही मोकळ्या मनाने करा, तसं त्यांना सांगूनही करा. यजमानांनी मात्र करू नये, तिथे फक्त मतदाराचीच सही धरतात.